कलपाचे वावडे आणि ‘काही होत नाही’ची ग्वाही

केसांना कलप लावल्यावर दोन दिवसांनी कपाळ सुजले, पापण्या मिटल्या, कानांमागून लस गळू लागली, तर त्याचे खापर कलप सोडून बाकी कशावरही फोडण्याची एक पक्की रीत मराठी घरांत रुजलेली आहे, आणि विदर्भातून पोटापाण्यासाठी भिलाईत येऊन पोलाद कारखान्याच्या सेक्टरांमध्ये दोन-तीन पिढ्या काढलेली मराठी घरेही तिला अपवाद नाहीत. जेवणात वांगे होते, उन्हात हिंडणे झाले, पित्त खवळले, नवा साबण लागला नाही, कोणाची नजर लागली. यादी संपत येते तरी कलपाच्या पुडीचे नाव तिच्यात येत नाही. कोणी ते सुचवलेच तर उत्तर तयार असते: गेली वीस वर्षे तोच कलप लावला जातो आहे, आजवर कधी काही झाले नाही, मग आताच कसे होईल? हे उत्तर इतक्या ठामपणे दिले जाते की विचारणारा ओशाळून गप्प बसतो. ते साफ चूक आहे, आणि ही चूक निरुपद्रवी अज्ञान म्हणून सोडून देण्याजोगीही नाही, कारण याच उत्तराच्या भरवशावर महिन्याभराने तीच पुडी पुन्हा फोडली जाते.

या मताची मांडणी त्याच्या समर्थकांपेक्षा थोडी नीट करायची तर ती अशी होईल. कलप असंख्य लोक लावतात. त्रास मोजक्यांनाच होतो. म्हणजे दोष कलपाचा नसून त्या मोजक्यांच्या ‘नाजूक’ त्वचेचा आहे. ज्याला वर्षानुवर्षे काही झाले नाही त्याची त्वचा नाजूक नाही हे सिद्धच झाले. आणि इतके करून कोणाला धास्ती वाटलीच तर त्याने ‘हर्बल’ किंवा ‘अमोनिया नसलेला’ कलप आणावा, प्रश्न मिटला. शेवटी या साखळीला एक नैतिक शेपूटही लावलेले असते, ते म्हणजे नसती हौस केली की भोगावे लागतेच. यातली पहिली दोन विधाने खरी आहेत. पुढचे एकही नाही.

वीस वर्षांचा दाखला आधी तपासला पाहिजे, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. पक्क्या काळ्या कलपात रंग धरणारा मुख्य पदार्थ म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन. त्वचारोगतज्ज्ञ त्याला आद्याक्षरांवरून पीपीडी म्हणतात. त्याचा रेणू फार लहान, रेणुभार जेमतेम १०८, त्यामुळे तो त्वचेच्या वरच्या थरातून सहज आत उतरतो. एवढ्याशा रेणूची शरीराच्या संरक्षणयंत्रणेने एरवी दखलही घेतली नसती, परंतु कलपात मिसळलेल्या पेरॉक्साइडमुळे किंवा हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचे जे क्रियाशील रूप तयार होते ते त्वचेतल्या प्रथिनांना चिकटते, आणि मग घरचेच प्रथिन शरीराला परके वाटू लागते. एकटा असताना निरुपद्रवी, पण प्रथिनाला चिकटल्यावर वावडे निर्माण करणारा असा जो रेणू, त्याला हॅप्टेन म्हणतात. त्वचेतल्या पहारेकरी पेशी हे परके झालेले प्रथिन जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात, तिथे टी-पेशी या नावाच्या पांढऱ्या पेशींना त्याची ओळख करून दिली जाते, आणि ती ओळख न विसरणाऱ्या पेशींची एक फौज तयार होऊन अंगभर पसरते. या काळात बाहेरून काहीही दिसत नाही. खाज नाही, पुरळ नाही, साधी लालीही नाही. या मुक्या टप्प्याला संवेदीकरण असे नाव आहे, आणि तो पाचव्या वेळी पुरा होईल की दोनशेव्या वेळी, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. ओळख पक्की झाल्यानंतरच्या खेपेला मात्र ही फौज त्या जागी गोळा होते. तिला गोळा व्हायला एक ते तीन दिवस लागत असल्यामुळे त्रास कलप लावला त्या दिवशी सहसा होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो. जेल आणि कूम्ब्स या दोन शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये अतिसंवेदनशीलतेचे जे चार प्रकार पाडले त्यांतला हा चौथा, विलंबित प्रकार होय.

मग ‘वीस वर्षे काही झाले नाही’ या वाक्यात उरते काय? महिन्यातून एकदा असा हिशेब धरला तरी त्या वीस वर्षांत या रेणूची आणि शरीराची दोनशे चाळीस वेळा गाठ घालून दिली गेली. संवेदीकरणाला संपर्क लागतो, आणि ज्याचा संपर्क जुना त्याच्या शरीराला ओळख करून घेण्याची संधीही जास्त. पीपीडीशी पूर्वी कधीच संबंध न आलेल्या माणसाला पहिल्याच कलपाने हा विकार होत नाही. तो व्हायचा तर आधीची ओळख असलेल्यालाच होतो. निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून जे पुढे केले जाते ते अशा प्रकारे आजाराच्या पहिल्या टप्प्याचे वर्णन ठरते. गंमत अशी की गाजरगवताच्या बाबतीत हेच लोक कोणताही वाद घालत नाहीत. १९५० च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात आढळलेले आणि पुढे देशभर माजलेले हे गवत वर्षानुवर्षे उपटणाऱ्या शेतकऱ्याला एका हंगामात अचानक त्याचे वावडे होते, चेहरा आणि मान काळवंडून सोलू लागते, आणि ‘इतकी वर्षे उपटतो आहे, आताच कसे झाले’ असे म्हणून त्याला कोणी खोटे पाडत नाही. यंत्रणा दोन्हीकडे तीच आहे. फरक इतकाच की गवताबद्दल माणसाला माया नसते.

दुसरा आधार ‘सगळे वापरतात, म्हणजे निर्धोकच असणार’ हा आहे, आणि तो निदान भिलाईत तरी ऐकू येऊ नये. या गावाचा जन्मच कोळशाच्या भट्टीतून झालेला आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. झोतभट्टीला कोक लागतो, कोक करण्यासाठी कोळसा हवा लागू न देता भाजावा लागतो, आणि त्या भाजण्यातून निघणाऱ्या वायूमधून डांबर, बेंझॉल आणि अमोनिया हाती लागतात, हे इथल्या शाळकरी मुलालाही बापाच्या तोंडून ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकात याच डांबराच्या काळ्या चिकट्यातून कृत्रिम रंगांचा सारा उद्योग उभा राहिला. विल्यम पर्किन याने १८५६ मध्ये त्यातून जांभळा रंग काढला. त्याचा गुरू ऑगस्ट हॉफमन याने १८६३ मध्ये पीपीडीचे वर्णन केले. १८८३ मध्ये फ्रान्समध्ये रंगकामासाठी त्याचे एकस्व घेतले गेले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो केसांच्या बाजारात स्थिरावला. आज त्याचा कच्चा माल बहुतेक खनिज तेलातून येतो, पण कूळ बदललेले नाही, आणि म्हणूनच अमेरिकेचा कायदा अशा कलपांना आजही कोल-टार कलप म्हणतो. कोक ओव्हनच्या आवारात डांबराच्या नळीजवळ हातमोज्यांशिवाय जाणाऱ्या नवख्या कामगाराला जो मुकादम दरडावतो, तोच रविवारी सकाळी प्लास्टिकच्या वाटीत दोन नळ्या पिळून, पांढरे मलम डोळ्यांदेखत तपकिरी, मग जांभळे, मग काळे होत जाताना पाहत, ते उघड्या बोटांनी मिशीला लावतो. वाटीत दिसणारा तो रंगबदल म्हणजेच पीपीडीचा ऑक्सिजनशी संयोग. क्रियाशील रूप तयार होते ते याच वेळी.

‘निर्धोक’ या शब्दाचा इतिहासही फारसा अभिमानास्पद नाही. जनावरांच्या कातड्यावरची लव या पदार्थाने रंगवणाऱ्या युरोपातल्या कामगारांना त्वचेचे विकार आणि दमा जडू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीने केसांच्या कलपात तो वापरायला बंदी घातली, जी पुढे टिकली नाही. १९३३ मध्ये अमेरिकेत लॅश लुअर नावाच्या पापण्यांच्या कलपाने एका स्त्रीची दृष्टी गेली. त्या आणि तशा प्रकरणांच्या संतापातून १९३८ चा अमेरिकी सौंदर्यप्रसाधन कायदा झाला खरा, पण त्या कायद्यातही केसांच्या कोल-टार कलपाला सवलत मिळाली: वेष्टनावर ताकीद आणि चाचणीची कृती छापा, म्हणजे माल जप्त होणार नाही. पापण्या आणि भुवयांचे कलप तेवढे सवलतीबाहेर राहिले. धोका ठाऊक होता, सिद्ध झालेला होता, आणि तो बाटलीतून काढण्याऐवजी लेबलावर लिहून ग्राहकाच्या पदरात टाकण्यात आला. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचाविकारांच्या तज्ज्ञसंस्थेने २००६ मध्ये पीपीडीला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवले, तेव्हा हा पदार्थ केसांच्या बाजारात शंभर वर्षांचा झाला होता. युरोपीय संघाने डोक्यावर लागणाऱ्या तयार मिश्रणात त्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या वर जाऊ नये असे बंधन घातले आहे. निर्धोक पदार्थाला अशी बंधने कोण घालते?

आता ‘हर्बल’चा उपाय. मेंदीच्या पाल्यात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते, आणि ते केसांना नारिंगी ते विटकरी या पट्ट्यातलाच रंग देते. काळा देण्याची ताकद त्याच्यात नाही. निळीच्या पाल्याची पूड मेंदीवर चढवली तर काळसर छटा येते, पण तिला वेळ आणि चिकाटी लागते. ज्या पुडीवर मेंदीचे हिरवे पान छापलेले आहे आणि जिने अर्ध्या तासात पांढरे केस कोळशासारखे काळे होतात, त्या पुडीत पान किती आणि पीपीडी किती, याचा अंदाज बांधायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून जे विकले जाते त्यात पीपीडी मिसळलेले असल्याचे जगभरच्या तपासण्यांत वारंवार आढळले आहे. किंबहुना या नावाखाली हातांवर काढलेल्या तात्पुरत्या गोंदणातून लहान मुलांचे संवेदीकरण होते आणि पुढे तरुणपणी पहिलाच कलप त्यांना भोवतो. हिरव्या पानाच्या चित्राने रेणूचा स्वभाव बदलत असता तर कोक ओव्हनच्या भिंतीवरही तुळस रंगवता आली असती.

‘अमोनिया नसलेला’ ही तर त्याहून मोठी चलाखी आहे, कारण तिच्यात खोटे काही नाही. अमोनियाचे काम केसाचे खवले उघडून रंगाला आत वाट देण्याचे. त्याचा वास झोंबतो, डोळ्यांत पाणी येते, म्हणून ग्राहकाला तोच गुन्हेगार वाटतो. त्याच्या जागी कमी वासाचा दुसरा अल्कधर्मी पदार्थ घातला की वेष्टनावर ‘अमोनिया नाही’ असे ठळक छापता येते, आणि वावडे निर्माण करणारा बिनवासाचा रेणू आत जसाच्या तसा राहतो. ‘पीपीडी नाही’ असा दावा असेल तर तो काहीसा अर्थपूर्ण म्हणावा लागेल, पण त्याच्या जागी बहुधा टोल्युईनडायअमीन हा त्याचा चुलतभाऊ बसवलेला असतो, आणि पीपीडी न सोसणाऱ्यांपैकी अनेकांना तोही सोसत नाही. अलीकडे आलेले पीपीडीचे एक सुधारित रूप नव्याने संवेदीकरण कमी करते, हे मान्य करायला हवे; ज्याला आधीच वावडे आहे त्याच्यासाठी मात्र तेही खात्रीचे नाही.

एक आक्षेप वरकरणी बुद्धीला धरून वाटतो: कलप लावला डोक्याला आणि सुजले डोळे, मग संबंध कसा? डोक्याची कातडी जाड असते, पापण्यांची शरीरात सर्वांत पातळ. धुताना, घाम येताना, उशीवर डोके घासताना कलप कपाळावर, कानांवर, मानेवर उतरतो, आणि भिलाईच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या आसपास, हेल्मेटच्या पट्ट्याखाली तो किती उतरत असेल हे वेगळे सांगायला नको. ‘पित्त उठले’ म्हणून आमसुलाचे पाणी चोळणाऱ्यांनी एवढेच पाहावे की पित्ताच्या गांधी काही तासांत विरतात आणि दुसरीकडे उठतात; कलपाचे वावडे त्याच जागी दिवसेंदिवस राहते, फोड येतात, लस वाहते, खपली धरते. फोड दिसले की कोणी त्याला नागीण म्हणते आणि औषधाच्या दुकानातून मिळेल ते स्टेरॉइडमिश्रित मलम चेहऱ्यावर थापते. सूज उतरते, कारण शोधायचे राहून जाते, आणि पुढची पुडी सुखाने फुटते. प्रत्येक खेपेला प्रतिक्रिया आधीपेक्षा जोरात येऊ शकते. सूज ओसरल्यावर कपाळावर आणि गालांवर करडे-काळे सावट उरते, आणि काहींच्या बाबतीत उलट, कातडीचा रंगच जातो. कोलकात्यात रसायनांमुळे पांढरे डाग पडलेल्या ८६४ रुग्णांचा जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात कारणांच्या यादीत केसांचा कलप सर्वांत वर होता. टिकलीचा गोंदही त्या यादीत होता. टिकलीने कपाळावर पांढरा ठिपका पडतो हे मराठी बायकांना आजीपासून माहीत आहे आणि त्यावर कोणी भांडत नाही. पण कानशिलावर तसाच डाग पडला तर त्याला कोड म्हणून घरातल्या मुलीच्या लग्नाची काळजी सुरू होते, आणि कलप पुन्हा सुटतो.

इथे कायद्याचा हवाला दिला जातो: सरकारने परवानगी दिली आहे ना? दिली आहे, आणि काय लिहून दिली आहे ते वाचावे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या १९४५ च्या नियमांनी पीपीडी असलेल्या कलपाच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही वेष्टनांवर, इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत, त्वचेला अपाय होऊ शकतो, आधी चाचणी करावी, आणि भुवया-पापण्यांना लावल्यास अंधत्व येऊ शकते, अशी ताकीद छापणे सक्तीचे केले. २०२० मध्ये सौंदर्यप्रसाधनांचे नियम स्वतंत्र झाले तेव्हा ही ताकीद तिकडे आली. चाचणीची कृतीही सांगितलेली आहे: कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा तयार कलप लावून वाळू द्यावा, चोवीस तासांनी धुवून पाहावे, आणि हे प्रत्येक वेळी करावे. म्हणजे ज्या कायद्याचा दाखला ‘काही होत नाही’ म्हणणारे देतात तो कायदाच ‘होऊ शकते, आणि दर वेळी तपासा’ असे म्हणतो. त्यातही चोवीस तासांचा हिशेब तोकडा आहे, कारण प्रतिक्रिया उमटायला तीन दिवसही लागतात. युरोपात निदान अठ्ठेचाळीस तास सांगितले जातात. तज्ज्ञांची पॅच चाचणी, जिचा पाया त्वचारोगतज्ज्ञ जाडासोनने १८९५ मध्ये घातला, ती पाठीवर व्हॅसलीनमधले १ टक्का पीपीडी दोन दिवस चिकटवून ठेवते आणि चौथ्या दिवसापर्यंत वाट पाहते. ज्याला एकदा मोठा त्रास होऊन गेला आहे त्याने तर घरची चाचणीही करू नये.

आणि ही ताकीद असते कुठे? भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात सुटी मिळणारी पुडी हातात घेऊन पाहावी: समोर दाट काळ्या केसांची हसरी स्त्री, मागे एका बोटाच्या रुंदीत घटकद्रव्ये, किंमत, वजन, पत्ता आणि ताकीद हे सगळे एकमेकांवर चढलेले. छत्तीसगढमध्ये अशा वेष्टनांवरची भाषा म्हणजे हिंदी, तीही देवनागरीत, त्यामुळे मराठी वाचकाला लिपीची सबब नाही. पण मुंगीएवढे अक्षर वाचायला भिंग लागते, आणि ज्याचे केस पांढरे झालेले आहेत त्याचा चष्म्याचा नंबरही बहुधा वाढलेला असतो. सलूनमध्ये तर गिऱ्हाईक पुडी पाहतच नाही. दाढी, कटिंग आणि डाय हे एका बैठकीत उरकायचे असते, विश्वकर्मा पूजेच्या किंवा गणपतीच्या आदल्या दिवशी रांग लागलेली असते, आणि अशा वेळी ‘दोन दिवसांपूर्वी कानामागे लावून पाहिले का’ असे विचारणाऱ्या कारागिराला वेड्यातच काढले जाईल. वास्तविक दर चार दिवसांनी दाढीला येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कानामागे आधीच्या खेपेला एक थेंब लावून ठेवण्यात काही खर्च नाही. न करण्याचे कारण पैसा नाही, वेळही नाही; ‘काही होत नाही’ हेच एकमेव कारण आहे.

राहिले ते नैतिक शेपूट. हौस केली, भोगा. भिलाईत कलप लावणाऱ्यांत ठेकेदाराकडे रोजंदारीवर काम करणारा पंचावन्न वर्षांचा माणूस आहे, ज्याचे पांढरे केस पाहिले की त्याचा गेटपास पुढे चालू ठेवायचा की नाही याचा विचार सुरू होतो. दुकानाच्या काउंटरवर उभी राहणारी बाई आहे. पस्तिशीत केस पिकलेली आणि म्हणून स्थळे परत जाणारी मुलगी आहे. याला हौस म्हणणारा समाजच पांढऱ्या केसांना म्हातारपणाचा दाखला मानतो, मग कलप लावला तर नटवेपणा म्हणतो, आणि चेहरा सुजला तर त्वचेला नाजूक म्हणतो. शिवाय हा विकार केसांपुरता राहत नाही. काळ्या रबरातला पीपीडीच्याच कुळातला पदार्थ, जो पट्टे, बूट आणि हातमोजे टिकाऊ करण्यासाठी मिसळला जातो, काहींना त्याच वेळी भोवतो. काही मलमांतले बेंझोकेन, सल्फा जातीची काही औषधे, कपड्यांतले काही गडद रंग यांच्याशीही त्याचे नाते जुळते. कारखान्यात हातमोजे घालून काम करणाऱ्याच्या हाताला खाज सुटली तर तिचे मूळ रविवारच्या वाटीत असू शकते, आणि ते कोणी विचारत नाही.

डोळे न उघडणाऱ्या रुग्णाला दवाखान्यात पहिला प्रश्न विचारला जातो तो कलप लावता का, हा. उत्तर ठरलेले असते: ‘लावतो, पण वीस वर्षांपासून.’ या उत्तरातला ‘पण’ खोडून तिथे ‘आणि तोही’ लिहायला हवे. वीस वर्षे हा कलपाच्या बाजूचा साक्षीदार नाही, विरुद्ध बाजूचा आहे. ज्याला तो जितका जुना त्याने तितके अधिक सावध असायचे, आणि एकदा सूज आली की पक्का कलप, मग तो हिरव्या पानाचा असो की बिनवासाचा, पुन्हा डोक्याला लावायचा नाही. घरातल्यांनी आमसूल भिजत घालण्याआधी कचऱ्याच्या डब्यातून ती रिकामी पुडी शोधून आणावी आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी. तिच्या पाठीवर, भिंगाने का होईना, त्या रेणूचे नाव वाचता येते.